चुंबककाका

वसई-विरारमध्ये जुनी गाडी बघायला कुणी एकटं जात नाही. नवी घ्यायची तर शोरूममध्ये बायको-मुलं, हार, पेढे, नारळ असा सगळा लवाजमा चालतो. पण कुणाच्या तरी गाळ्यात, ताडपत्रीखाली, विटांवर उभी असलेली, दारं एकीकडे नि इंजिन दुसरीकडे अशी गाडी घ्यायची असेल, तर सोबत एक जाणता माणूस लागतो. असा एक माणूस माणिकपुरात असतो, एक नंदाखालात असतो, नालासोपाऱ्याच्या पूर्वेला तर गल्लीगणिक सापडेल. आमच्या वाट्याला आले ते चुंबककाका.

त्यांचं खरं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण वापरत कुणी नाही. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेलं एक चुंबक रुमालात गुंडाळून ते कायम खिशात ठेवतात. रुमाल कशाला, तर समोरच्याच्या रंगावर ओरखडा उठू नये म्हणून. काका गाडीला नावं ठेवतील, मालकाला चारचौघांत खोटं पाडतील, पण त्याच्या रंगाला धक्का लावणार नाहीत. चुंबक दारावरून, मडगार्डवरून हळूहळू फिरत जातं. जिथे ते पकड सोडून घसरायला लागतं तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. तिथे काका थांबतात, बोटाच्या पेराने दोनदा टकटक करतात आणि मालकाकडे न बघता म्हणतात, "इथं गाडी संपली."

काकांची सगळी नोकरी एसटीत गेली, आगाराच्या कार्यशाळेत. अर्नाळ्याहून पहाटे सुटणारी पहिली गाडी हा त्यांच्या आयुष्याचा कणा. त्या गाडीत टोपल्या घेऊन कोळणी बसायच्या, वाडीवाले फुलं, पानं, भाजीचे भारे चढवायचे. ती सुटली नाही की विरारची लोकल चुकली, लोकल चुकली की दादरचा बाजार हुकला, आणि बाजार हुकला की दुपारी आगारात येऊन माणसं काय बोलायची ते काका अजून सांगत नाहीत. शहरातल्या फेऱ्या आता महापालिकेच्या परिवहनकडे आहेत, काका निवृत्त होऊनही जमाना झाला. पण जगातल्या कुठल्याही वाहनाबद्दल त्यांचा प्रश्न अजून तोच असतो: "पहिली गाडी सुटेल का?" मर्सिडीज दाखवा, तेच. रुग्णवाहिका दाखवा, तेच. पुतणीला स्थळ आलं तेव्हा मुलाचं शिक्षण, पगार, विरारच्या ग्लोबल सिटीतला फ्लॅट हे सगळं ऐकून घेतल्यावर काका म्हणाले, "ते ठीक आहे. पण पहिली गाडी सुटेल का?" पाहुणे बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिले.

गाडी बघायला निघताना काकांचा जामानिमा ठरलेला. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, कारण एसटीत तीस वर्षं खाकी घातल्यावर आता पांढरंच. काखेत घडी केलेलं गोणपाट, गाडीखाली आडवं व्हायला. एक बॅटरी. आणि एक जाडजूड डायरी, जिच्या प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे 'आहे', उजवीकडे 'नाही'. लोक गाडी बघताना जे आहे ते बघतात, काका जे नाही ते बघतात. डावा रकाना त्यांनी पुरा भरलेला मी अजून पाहिलेला नाही.

चहाचाही नियम आहे. भाव बोलून झाल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. "चहा पोटात गेला की जीभ जड होते," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे वाळीवच्या, सातिवलीच्या, गोखिवऱ्याच्या कितीतरी गाळ्यांत चहाचे कप सायीसकट थंड झालेले आहेत. मोबदला म्हणून पैसे घेत नाहीत. सुकेळी दिली तर मात्र नाही म्हणत नाहीत. ती आगाशीकडची हवी आणि उन्हात वाळवलेली हवी. तिथेही चुंबक फिरवल्यासारखं एकेक केळं उलटंपालटं करून बघतात.

त्यांचे सिद्धांत बरेच आहेत, त्यातला सर्वांत प्रसिद्ध रेल्वेलाइनीचा. कुठलीही गाडी दाखवली की पहिला प्रश्न, "पश्चिमेची की पूर्वेची?" गाडी कोणत्या सालची, हे नंतर. "पश्चिमेची कुजते, पूर्वेची ठोकते." पश्चिमेला समुद्र. अर्नाळा, राजोडी, भुईगाव या पट्ट्यातला खारा वारा पत्र्याला आतून खातो. बाहेरून रंग झकास असतो आणि पायाखालची फ्लोअर चाळणी झालेली असते. पूर्वेला हायवे, गाळे, ट्रक, टेम्पो. तिथल्या गाडीचा पत्रा टिकतो, पण आकार टिकत नाही. नायगाव-जूचंद्रकडची असेल तर काका नुसते डोळे मिटतात. तिथे मिठागरं आहेत, म्हणजे कुजणं आणि ठोकणं दोन्ही. माझ्या भाच्याने एकदा विचारलं, "आणि रेल्वेलाइनीवरची?" काका गंभीरपणे म्हणाले, "ती भंगारात."

दुसरा सिद्धांत पाण्याचा. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरलं तेव्हा कितीतरी गाड्या दिवसचे दिवस पाण्यात उभ्या होत्या. त्या वर्षानंतर वसईत गाडी बघायची म्हणजे काका आधी डिकी उघडायला लावतात, स्टेपनी बाहेर काढतात आणि तिच्याखालच्या खळग्यात बोट फिरवून ते नाकाला लावतात. मालक सांगत असतो, "काका, आपली गाडी दुसऱ्या मजल्याच्या पार्किंगला होती." काका बोटावरचा वाळलेला गाळ त्याला दाखवतात. "मग दुसऱ्या मजल्यावर पण मासे आले असतील."

पण हे झालं धडधाकट गाड्यांचं. काकांची खरी विद्या दिसते ती अर्धवट गाडीत. कुणीतरी हौसेने खोललेली, मग राहिलेली, मग विकायला काढलेली. अशा गाडीचे सगळे मालक एकच वाक्य बोलतात: "नव्वद टक्के काम झालंय." मुंबईपासून डहाणूपर्यंत कुठेही जा, नव्वदच. पंच्याऐंशी टक्के झालंय म्हणणारा प्रामाणिक माणूस मला अजून भेटायचा आहे. यावर काकांचं उत्तर ठरलेलं. "झालेले नव्वद तुमचे, शेठ. ते तुम्हाला लखलाभ. राहिलेले दहा आमचे, ते कुठेत दाखवा."

आणि मग तो प्रश्न. तो विचारताना काका खाली बसतात, गोणपाटावर मांडी घालतात आणि आवाज उतरवतात. "काम का थांबलं?"

माझ्या मते या एका प्रश्नावर काकांची सगळी हुशारी उभी आहे. बाकी चुंबक, बॅटरी वगैरे देखावा आहे. गाडी कोणती, किती जुनी, किती खोललेली, यावरून तिची किंमत ठरते असं आपल्याला वाटतं. काकांना विचाराल तर किंमत ठरते काम का थांबलं यावरून. पैसे संपले म्हणून थांबलं, तर गाडी चांगली, कारण पैशांखेरीज तिचं काही अडलेलं नाही. मुलगा कॅनडाला गेला म्हणून थांबलं, तर आणखी चांगली, कारण बाप विकायला उतावीळ आहे आणि तेवढाच हळवाही आहे. हळव्या माणसाने भाग हरवलेले नसतात. मालक वारला असेल तर गाडी बघायच्या आधी कागद बघायचे. नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर झालीय का, भावाभावांत काही आहे का. आणि 'वेळ मिळत नाही' असं उत्तर आलं तर काका चुंबक खिशात टाकून उठतात. "वेळ सगळ्यांना मिळतो. याला गाडीत काहीतरी दिसलंय, ते आपल्याला दिसलं नाही अजून."

नंदाखालात एका वाडीत पद्मिनी होती, प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. मालकीणबाई म्हाताऱ्या, गाडीवर चिकूची पानं पडलेली. लग्नात त्याच गाडीतून चर्चला गेल्या होत्या. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, टीव्हीवर बातम्या आल्या, तेव्हापासून त्यांच्याकडे रोज कोणी ना कोणी येत होतं. भाव भलताच वाढला होता. काकांनी गाडीला हात लावला नाही. बाईंना विचारलं, काम का थांबलं? त्या म्हणाल्या, "त्यांना रंग आवडला नाही. तिसऱ्यांदा काढून घेतला नि मग गेले." काकांनी आमच्याबरोबर आलेल्या गिऱ्हाइकाला बाहेर नेलं. "ही घेऊ नकोस. गाडी एक नंबर आहे. पण ही बाई तुला दर आठवड्याला फोन करून विचारेल, रंग कोणता दिला. आणि तू जो देशील तो चुकीचाच असेल." गिऱ्हाइकाने घेतली नाही. गाडी अजून चिकूखालीच आहे, आणि काका अधूनमधून तिच्या टायरात हवा भरून येतात.

भाच्याची कॉन्टेसा मात्र घेतली गेली, आणि त्या व्यवहारात काकांनी आम्हाला जे छळलं ते लिहिलंच पाहिजे.

भाचा ऐरोलीला कॉम्प्युटरवर काम करतो. रात्री जागून अमेरिकन गाड्यांचे व्हिडिओ बघायचा. तिकडे १९६४ साली पॉन्टिॲक जीटीओ आली, मस्टँग आली. मध्यम आकाराच्या गाडीत दांडगं आठ सिलिंडरचं इंजिन कोंबायचं नि सुसाट सोडायची, त्याला तिकडे मसल कार म्हणतात. जीटीओचं इंजिन ६.४ लिटरचं. आता वसईत मस्टँग कुठून आणणार? तेव्हा भाच्याने शोध लावला की भारतालाही मसल कार आहे, ती म्हणजे कॉन्टेसा. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ साली उत्तरपाड्याला काढली, मूळ सांगाडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा. लांब बोनेट, समोर चार दिवे, मागे ऐसपैस डिकी. हिंदी सिनेमात खलनायकाला आणि खऱ्या आयुष्यात मंत्र्याला शोभणारी. फक्त सुरुवातीला त्या लांब बोनेटखाली अँबेसेडरचंच दीड लिटरचं इंजिन असायचं, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचं. आज भाजीला न्यायच्या गाडीत त्याहून जास्त ताकद असते. काकांना ही मसल कारची गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "पैलवानाचा लंगोट आहे, पैलवान नाही." पुढे ऐंशीच्या दशकाअखेर इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं, पाच गिअर आले, ताकद ८८ वर गेली, तेव्हा कुठे लंगोटाची लाज राहिली. २००२ मध्ये ती गाडी बंद झाली, आणि उत्तरपाड्याचा कारखानाही २०१४ मध्ये थांबला.

तर वाळीवला एका गाळ्यात अशी एक १.८ होती. शेजारच्या गाळ्यात प्लास्टिकचं मशीन ठकठकत होतं, त्या तालावर मालकाने सांगितलं, "नव्वद टक्के झालंय. तीन लाख." चौकशीत कळलं की हा तिसरा मालक. पहिला बोरिवलीचा, त्याने पत्र्याचं काम काढलं आणि नव्वद टक्के झालंय म्हणून विकली. दुसरा मीरा रोडचा, त्याने इंजिन खोललं आणि नव्वद टक्क्यांवर विकली. काकांनी डायरीत हिशोब मांडला. "म्हणजे आत्तापर्यंत दोनशे सत्तर टक्के काम झालंय. शेठ, गाडी परत कारखान्यात पाठवा, जास्त झालंय."

काकांची किंमत काढायची पद्धत अशी. आधी मेलेलीचा भाव. टनभर लोखंड भंगारात काय देईल ते काढायचं. "हा पाया. याच्यावर जे काही देशील ते तुझ्या वेडाचे." मग 'नाही'चा रकाना. भाचा इंजिनाकडे धावला, काकांनी त्याचा शर्ट धरून मागे ओढला. "इंजिनाला काय बघतोस? पिस्टन, रिंगा, बेअरिंग मिळतात, नाही मिळाली तर खराद मशीनवर करून घेता येतात. पुढची काच आहे का बघ. मागच्या दिव्यांची भिंगं बघ. बीडिंग, डॅशबोर्ड, दाराचे हँडल. जे फक्त कारखानाच करू शकतो ते आधी बघायचं, कारण कारखाना आता नाही." काच होती. एका दिव्याचं भिंग नव्हतं. बीडिंग इतकं वाळलं होतं की हात लावताच तुकडा पडला आणि मालक म्हणाला, "ते असंच होतं." काकांनी लिहिलं: बीडिंग नाही.

मग खोकी आली. बिस्किटांची, आमरसाच्या डब्यांची, बुटांची. सगळ्यांत नटबोल्ट, क्लिपा, कंस, काहीतरी वाकडं. एकावरही काही लिहिलेलं नाही. काकांनी एकेक खोकं हलवून नुसता आवाज ऐकला. मी इतक्या वर्षांत काकांना अनेक मालकांवर चिडलेलं पाहिलंय, पण नाव न लिहिलेल्या खोक्यांपुढे ते चिडत नाहीत, दुःखी होतात.

इंजिनाचा ब्लॉक कोपऱ्यात पालथा पडला होता. काकांनी गोणपाट टाकलं, बॅटरी लावली आणि खूप वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "आरसीवर इंधन काय?" पेट्रोल. "हा ब्लॉक डिझेलचा आहे." मालक म्हणाला, "तेच तर सांगत होतो, डिझेल टाकणार होतो, ॲव्हरेज चांगलं." काका उठून बसले. त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगितलं, परवानगीशिवाय असले बदल चालत नाहीत, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं आहे, हे सांगितलं. नंबर जुळला नाही तर आरटीओत गाडी उभी राहील, मग ती गाडी नाही, सोफा आहे. मूळ पेट्रोल इंजिन कुठाय? ते मीरा रोडवाल्याने ठेवून घेतलं. काकांनी लिहिलं: इंजिन नाही. त्या एका ओळीला मालकाच्या तीन लाखांतले बरेच गेले.

चेसिस नंबरावर कुणीतरी पुट्टी मारून रंग दिला होता. काकांनी मालकाची परवानगी घेतली (परवानगीशिवाय ते कधी खरवडत नाहीत) आणि एक रुपयाच्या नाण्याने इंच इंच खरवडत नंबर मोकळा केला. मग कागद ठेवून पेन्सिल घासली. छाप उमटली, आरसीशी अक्षर न् अक्षर जुळली. तेव्हा काका पहिल्यांदा हसले. नोंदणी मात्र संपलेली होती. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी. वीस वर्षांवरच्या चारचाकीला २०२५ पासून त्याचे १०,००० रुपये, पर्यावरण कर वेगळा. हे सगळं त्यांनी 'नाही'त घातलं. भाचा म्हणाला, "काका, व्हिंटेजमध्ये नोंदवता येईल ना, ती व्हीए नंबरप्लेट?" २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना ती मिळते, शुल्क २०,००० आणि रोज चालवायची नाही. काकांनी बोटांवर मोजलं. "पहिली कॉन्टेसा १९८४ ची. तिचे पन्नास २०३४ ला. तुझी त्याच्याही नंतर. तोवर तुझं लग्न झालेलं असेल आणि हा विषयच निघणार नाही."

शेवटी मांडी घालून, आवाज उतरवून, तो प्रश्न. मालक म्हणाला, "वेळ मिळत नाही हो." काका उठले. चुंबक खिशात गेलं. आम्ही शटरपर्यंत आलो तेव्हा मालक मागून म्हणाला, "मिस्त्री गावाला गेला." २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गोरखपूरकडे गेला तो परत आला नाही. गाडी त्यानेच खोललेली. कुठला बोल्ट कुठल्या खोक्यात, ते त्याच्या डोक्यात.

काका परत आले. "म्हणजे तुम्ही गाडी नाही विकत, कोडं विकताय. कोड्याचा भाव वेगळा." पंच्याऐंशी हजार म्हणाले. मालक उडाला. तासभर घासाघीस होऊन एक लाख दहावर आलं. भाच्याने खुशीत मला कोपर मारलं. आणि इथे काकांनी घात केला. म्हणाले, "त्या मिस्त्रीचा फोन नंबर आहे?" होता. लावला. मिस्त्री शेतावर होता. काकांनी स्पीकर चालू केला आणि एकेक खोकं उचलून वर्णन करायला लागले. बुटाच्या खोक्यातले लांब बोल्ट? पलीकडून उत्तर आलं, ते पुढच्या क्रॉस मेंबरचे. आमरसाच्या डब्यातल्या क्लिपा? दाराच्या आतल्या पॅडच्या, एक कमी आहे, ती पहिल्यापासूनच नव्हती. त्याला पाच वर्षांनी सगळं पाठ होतं. काका डायरीत लिहीत गेले, खोक्यांवर खडूने नावं घालत गेले, मध्येच मिस्त्रीला तिकडच्या गव्हाचा भाव विचारला. फोन ठेवला आणि मालकाकडे वळून म्हणाले, "शेठ, आता हे कोडं नाही राहिलं. तुमचा भाव वीस हजारांनी वाढला."

भाचा पांढरा पडला. मी म्हटलं, "काका, तुम्ही आमच्या बाजूचे ना?"

"मी गाडीच्या बाजूचा," काका म्हणाले, आणि गार झालेला चहा एका घोटात प्यायले.

एक लाख तीस हजारांना व्यवहार झाला. काकांच्या हिशोबातून एकच गोष्ट सुटली होती, ती म्हणजे गाळ्याचं भाडं. गाडी तिथेच ठेवायची तर दर महिन्याला भाडं जातं, आणि ते कुठल्याही सुट्या भागापेक्षा महाग पडतं. हे सांगितलं तर काका म्हणतात, एसटीत आगाराला भाडं नसतं. पेट्रोल इंजिनासाठी भाचा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगाराच्या दुकानांतून हिंडून आला आणि अखेर मीरा रोडवाल्याकडूनच मूळ इंजिन, नंबरासकट, परत मिळवलं. मधले पैसे मला सांगितलेले नाहीत. दर शनिवारी काका गाळ्यावर येतात. गाडीचं किती झालं असं कुणी विचारलं तर भाच्याने टक्के सांगायचे नाहीत, अशी त्यांची सक्त ताकीद आहे. 'नाही'च्या रकान्यात किती ओळी उरल्या तेवढंच सांगायचं. सध्या चौदा आहेत. मध्यंतरी अकरा होत्या, मग काकांनी पुन्हा एकदा तपासलं.

काकांकडे स्वतःची गाडी नाही, कधी नव्हती. इतक्या गाड्या आतून पाहिल्यावर एकही घ्यावीशी वाटत नाही म्हणतात. पण बोळिंजच्या त्यांच्या घरी गेलात तर गच्चीवर जा. खांबांच्या सळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत, वर प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घातलेल्या, पाणी जाऊ नये म्हणून. वरचा मजला. धाकट्याच्या बारशाच्या वेळी काढला होता, आता धाकट्याला मुलगा आहे. काकू त्या सळ्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालतात. आम्ही गाडीच्या गप्पा मारत बसलो की आतून येतात, चहा ठेवतात, आणि अगदी काकांच्याच सुरात, आवाज उतरवून विचारतात, "काम का थांबलं?"

काका उत्तर देत नाहीत. सळ्यांना गंज लागलेला दिसतो, आणि घर तर पश्चिमेचं.

तुमच्या मनात एखादी अर्धवट गाडी भरली असेल, मग ती जीप असो, राजदूत असो, पद्मिनी असो, तर बघायला जाताना काकांना घेऊन जा. मूळ आरसी मागवून ठेवा, झेरॉक्स बघून ते परत फिरतात. रविवारी सकाळी बोलावू नका, तेव्हा ते नंदाखालात टायरला हवा भरत असतात. भाव ठरेपर्यंत चहा पुढे करू नका, आणि भाव ठरला की ताबडतोब पैसे मोजून मोकळे व्हा. मध्ये त्यांना कुणाला फोन लावू देऊ नका.